माझे दोन शोधनिबंध बुडवून विभागप्रमुखांचा एक बुडवण्याबाबत

दि. १२ मार्च

प्रति,
मा. अध्यक्षा,
संशोधन मूल्यमापन समिती,
वनस्पती व परिसंस्था संशोधन संस्था

विषय: तीन शोधनिबंध मागे घेऊन संबंधितांची उल्लेखसंख्या नव्याने मोजण्याबाबत.
संदर्भ: 'पदोन्नतीसाठी प्रभाव अपुरा' असे कळवणारे आपले दि. ४ जानेवारीचे पत्र.

महोदया,

मी संस्थेच्या वनस्पतिसंग्रह कक्षात एकोणीस वर्षे सहायक संशोधक आहे. आपण माझा निर्देशांक सात ठरवला, म्हणजे इतर निबंधांत संदर्भ म्हणून किमान सात-सात उल्लेख मिळालेले माझे सात निबंध आहेत. पदोन्नतीस आठ लागतात. मोजणी चुकली असे माझे म्हणणे नाही. ती अर्धवट राहिली आहे, एवढेच निदर्शनास आणते.

१. आमच्या विभागप्रमुखांच्या १,९०४ उल्लेखांपैकी ६१२ एकट्या एका निबंधाचे आहेत. उतारावरचे एक झुडूप दुष्काळातही बी धरते, हा त्यातला शोध. त्यासाठी उतारावर आखलेल्या चाळीस चौकटींतल्या बिया सहा वर्षे, दर पंधरवड्याला, मी गुडघे टेकून मोजल्या. निबंधात माझे नाव शेवटी आभारात आहे, 'किरकोळ साहाय्य' या शब्दांसह.

२. सदर झुडपाच्या पानाखाली लव असते. त्या चौकटींतून मी आणलेल्या नमुन्याला ती नव्हती. बिनलवेची जात वेगळी, आणि ती दुष्काळात बी धरते हे पूर्वीपासून सर्वज्ञात आहे. मी नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिले, 'लव दिसत नाही, जात तपासावी.' विभागप्रमुख म्हणाले, "शंकेचा उल्लेख कोणी करत नाही, बाई. चिठ्ठी बदला." मी बदलली. हा माझा दोष आहे व तो मला मान्य आहे. मूळ चिठ्ठी मात्र मी फाडली नाही.

३. आपले पत्र मिळाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. त्या निबंधात लेखक म्हणून माझे नाव घालावे, म्हणजे माझे आठ भरतील, अशी विनंती केली. त्यांनी पडद्यावरची नजर न हटवता विचारले, "मग पाणी घालणाऱ्या माळ्यालाही लेखक करू का?" समोर त्यांचे दोन संशोधक विद्यार्थी बसले होते. दोघेही हसले.

त्यानंतर मी दोन महिने रजा घेतली आणि ते ६१२ उल्लेख एकेक करून वाचले. १४३ त्यांचे स्वतःचेच आहेत. ९७ त्यांच्या विद्यार्थ्यांचे आहेत, कारण, एका माजी विद्यार्थिनीच्या शब्दांत, "पाच उल्लेख घातल्याशिवाय सर प्रबंधावर सही करत नाहीत." हे वजा करा, असे मी म्हणत नाही. त्या चिल्लर बाबी आहेत. मी तो नमुना बाहेरच्या दोन संग्रहालयांना पाठवला. दोन्हीकडून लव नसल्याचे लेखी आले. नियतकालिकाच्या संपादकांनी कळवले आहे, की संस्थेने दुजोरा देताच निबंध मागे घेतला जाईल.

४. त्याच चुकीच्या नावावर माझेही दोन निबंध उभे आहेत. तेही बुडतील व माझा निर्देशांक पाचवर येईल. आपल्या कार्यालयातील लिपिक भले गृहस्थ आहेत. "वर्षभर कळ काढा, आठवा आपोआप भरेल," असे त्यांनी समजावले. घरी यजमान म्हणाले, "स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतेस." मी म्हटले, नाक माझे आहे.

५. संचालकपदाची निवड वीस तारखेला आहे आणि विभागप्रमुखांची शिफारस उल्लेखसंख्येच्या जोरावर झाली आहे, हे मला माहीत आहे. अर्ज आजच दिला तो त्यासाठीच. योगायोग समजू नये.

सबब विनंती की, आधी माझे दोन निबंध रद्द करावेत, म्हणजे द्वेषाचा आरोप करणाऱ्यांना माझे नुकसानही दिसेल. मग एकोणीस तारखेला समितीपुढे नमुना ठेवावा, विभागप्रमुखांच्या हाती भिंग द्यावे आणि पानाखाली लव आहे की नाही, ते त्यांच्याच तोंडून, सर्वांना ऐकू जाईल असे वदवून घ्यावे. सदर दोन विद्यार्थ्यांनाही बोलवावे. ते हसले तर माझी हरकत नाही.

चिठ्ठी बदलल्याबद्दल होईल ती शिक्षा मी तक्रार न करता भोगीन.

आपली नम्र,
(सही)
सहायक संशोधक, वनस्पतिसंग्रह कक्ष

सोबत:
१. नमुना व मूळ चिठ्ठी
२. दोन संग्रहालयांचे अभिप्राय
३. संपादकांचे पत्र
४. पदोन्नतीचा माझा अर्ज कायमचा मागे घेत असल्याचे पत्र, सहीसह