पॉइंट त्र्याऐंशी

कराड, मे १९६८

प्रिय दादा,

हे पत्र पारूवहिनी तुला वाचून दाखवतील. वहिनी, सावकाश वाचा. मधे इंग्रजी अक्षरं आली तर कागद दादासमोर धरा. मागे आटपाडीला आले तेव्हा मी तुझ्या उशाशी बसून नुसतीच रडले. झटक्याने तुझं उजवं अंग आणि जीभ लुळी पडली आणि वटवट माझी बंद झाली. आई असती तर म्हणाली असती, ही दोघं एकदम गप्प, म्हणजे जगबुडीच आली.

तुझी सायकल मी वापरते, तिची चेन अजून पडते. पाटबंधारे ऑफिसात तुझ्या जागी साहेबांनी मला हंगामी बसवलंय आणि तुझा तलावाचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात घातलाय.

आठवतं? प्रोग्रॅम लिहायला तू मला चुलीपुढे शिकवलंस. मी मशीन, तू हुकूम देणारा. पिठात पाणी घाल म्हणालास, किती ते सांगितलं नाहीस. मी अख्खा तांब्या उपडा केला. परातीत खळ झाली, आईने उलथनं उगारलं, आणि तू मात्र खूश. "मशीनला अक्कल न्हाई, अंजे. सांगशील तेवढंच करतंय." आपले कागद एसटीने मुंबईच्या कॉम्प्युटरकडे जायचे, उत्तर यायला पंधरवडा लागायचा. एक स्वल्पविराम चुकला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून प्रत्येक ओळ आधी स्वतः मशीन होऊन वाचायची, ही शिस्त तुझीच. फक्त C ची ओळ लिहायचा तुला भारी कंटाळा. सुरुवातीला C टाकला की ती ओळ मशीन सोडून देतं, ती असते पुढच्या माणसासाठी. तू म्हणायचास, "मशीन वाचत न्हाई ते कशाला लिवायचं? मी हाय की सांगायला!"

तुझ्या A, B आणि X या अक्षरांच्या जागी मी PANI, PAUS, RUNDI अशी नावं दिली. एकच लांबलचक गुंता होता, त्याचे लहान लहान भाग केले. आता कोणीही वाचावा असा झालाय. अडलेय एकाच जागी. सांडव्यातून किती पाणी जाईल ते काढून तू त्याला ०.८३ ने गुणलंयस. का, ते कुठेच नाही. सांडव्यात बाभळीच्या फांद्या अडकतील, गाळ बसेल, म्हणून? की दुसऱ्याच तलावाचा आकडा घाईत राहून गेला? साहेब म्हणतात, कारण दाखवा नाहीतर काढून टाका. काढला की सांडवा अरुंद होतो, खर्च वाचतो. पण बांधाच्या खाली वस्ती आहे, दादा. मोजणीच्या वेळी तू त्यांच्याकडेच जेवायचास. आकडा खरा असेल आणि मी काढला, तर एखाद्या पावसाळ्यात ती माणसं वाहून जातील. सोमवारी कागद मुंबईला जायचेत.

IF च्या, म्हणजे 'जर'च्या ओळीला तीन वाटा असतात, तूच शिकवलंस: उणे, शून्य, अधिक. वहिनी, दादाचा डावा हात हातात घ्या. दादा, आकडा मुद्दाम घातला असशील तर एकदा दाब. चुकून राहिला असेल तर दोनदा. तिसरी वाट लिहायला हात धजत नाही, पण वाट गाळलेला प्रोग्रॅम चालत नाही. डॉक्टर म्हणतात, तुला काही समजतंय की नाही हे सांगता येत नाही. तसंच असेल तर दाबू नकोस. वहिनी, बराच वेळ थांबा, मग केरबा कंडक्टरच्या हाती निरोप द्या. मग माझ्या हाताने तो आकडा निघणार नाही, साहेबांनी घरी बसवलं तरी. त्याच्यावर C टाकून लिहीन: हे का, ते माझ्या दादाला माहीत होतं. पण ते "होतं" मला लिहायचं नाहीये रे. खरं सांगू? सांडव्याचं विचारायला एक ओळ पुरली असती. तू आत आहेस का, एवढंच विचारायला मी हे सगळं लिहिलंय. आकडा चुकलेला असला तरी चालेल दादा, दोनदा दाब. पण दाब.

तुझीच,
अंजी