मोनाला आणू नको

प्रिय वर्षा,

त्या सकाळी मी तुझ्या सासरच्या परसात मोनाच्या केसांना तेल लावत बसले होते. गोठा झाडून झाला होता, दुधाची किटली डेअरीला गेली होती, चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. तुझं डोहाळजेवण होतं त्या दिवशी. मोना तीन वर्षांची, अजून धड चालत नव्हती, पण नवा परकर बघून टाळ्या वाजवत होती. एक लाल रिबीन बांधायची राहिली होती. तेवढ्यात तुझ्या सासूबाई मागच्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'आजच्या दिवस पोरीला शेजारी चिमणाबाईकडं ठेवा की. पोटुशीच्या नजरंला नको.' मी रिबीन मुठीत धरली आणि पोरीला चिमणाबाईच्या सोप्यात नेऊन ठेवली. तुझी ओटी भरत होतो तेव्हा भिंतीपलीकडून ती मला हाका मारत होती. मला ऐकू येत होतं, तुलाही येत होतं. आपण दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं.

पुढं तुला तेजस्वी झाली, गुटगुटीत, निरोगी. तुझ्या सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, काळजी घेतली म्हणून निभावलं. मीही मान हलवली. घरी आल्यावर ह्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तसेच उठून नेसरीला तुमच्या दारात आले असते. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण ती एक गोष्ट सांगायची राहून गेली. अजून सकाळी दोघांचा चहा टाकते आणि मग आठवतं. असो.

मंगळवारी तुझा फोन आला. म्हणालीस, 'अक्का, पुढच्या रविवारी तेजस्वीच्या बाळाचं बारसं आहे, तू ये. पण मोनाला आणू नको. तेजस्वीच्या सासरची माणसं येणार, उगाच कशाला.' मी का म्हणून विचारलं तर तू रडायला लागलीस आणि फोन ठेवलास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहिते. चौथीत शाळा सुटलेली तुझी बहीण एवढं लांब पत्र लिहिते याचं नवल वाटून घेऊ नको. मोनाच्या शाळेतल्या बाईंनी मोठ्या अक्षरांचं पुस्तक घरी दिलं होतं. ती एक अक्षर गिरवायची, मी दहा. तिला तिचं नाव लिहायला चार वर्षं लागली. तोवर मी गल्लीतल्या वाचनालयाचं एक कपाट संपवलं होतं. शाळेनं डाऊन सिंड्रोमवर एक पुस्तिका दिली होती, ती तर मी इतक्यांदा वाचली की पानं सुटली. त्यात कुठंही नजरेचं काही लिहिलेलं नाही, वर्षा. एक गुणसूत्र जादा असतं. बहुतेक वेळा ते घराण्यातून येत नाही, आईबापाच्या कुठल्या चुकीनं तर नाहीच नाही.

मोनाला तू शेवटचं कधी बघितलंस? आता ती झुंबरबाईच्या चटणी कांडायच्या डंकावर कामाला जाते. चटणीचा हंगाम आहे, साऱ्या गल्लीत ठसका उठलाय. आम्ही तेरा-चौदा जणी ओळीनं बसून मिरच्यांची देठं काढतो. ब्याडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी. आमच्या हातून मिसळ होते, मोनाच्या होत नाही. तिचा हात सावकाश चालतो, पण तिच्या पाटीत एक देठ सापडायचं नाही. पहिल्या वर्षी एक गिऱ्हाईक अडून बसलं होतं, म्हणे या पोरीनं हात लावलेल्या मिरच्या नकोत. झुंबरबाईनं त्यांचं पोतं उचलून त्यांच्याच गाडीवर ठेवलं. 'पावणं, दुसरा डंक बघा. हितं मोनाचा हात लागल्याबिगर चटणी व्हत न्हाय.' आणि हे गेले तेव्हा चौदाव्या दिवशी हीच बाई आमच्या दारात उभी राहून ओरडली होती, 'मोने, बसलीस काय? मिरच्या वाट बघत्यात की.' मोना उठली, चपला घातल्या आणि गेली. तिच्या मागून मीही गेले. त्या दिवशी आम्ही दोघी उठलो, ते त्या बाईमुळं.

आता खरं ते लिहिते. तुझा फोन ठेवला आणि तासाभरात तेजस्वीनं मोनाच्या मोबाईलवर बाळाचा फोटो पाठवला. तुला न विचारता पाठवला असणार. सोबत एक ओळ होती, 'मोनाताई, तुझी भाची.' मोनानं फोटो माझ्यापुढं धरला. ते डोळे, ते बसकं नाक, तळहातावर आडवी एकच रेघ. मला पुस्तिका उघडावी लागली नाही. मोना म्हणाली, 'आई, माझ्यासारखी हाय.' आणि हसली, वर्षा. घरात कुणीतरी तिच्यासारखं आलं म्हणून ती हसली. तेव्हा कळलं तू मोनाला का नको म्हणतेस. दोन चेहरे शेजारी दिसले की पावणे ओळखतील, आपल्या घराण्यावर बोट ठेवतील, हीच तुझी भीती ना? तेजस्वीला दिवस गेल्यापासून तू तिला माझ्या दारात येऊ दिलं नाहीस. नऊ महिने तिनं मोनाचं तोंड बघितलं नाही, तरी बाळ झालं ते असंच. मग आता कुणाच्या तोंडाला दोष द्यायचा? मोनाला तुम्ही एकदा भिंतीपलीकडं बसवलंत आणि मी बसवू दिलं. या पोरीला मी बसवू देणार नाही, तुझ्या घरात नाही आणि तिच्या सासरीही नाही. बाळाच्या हृदयाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, मोनाची आम्ही फार उशिरा केली. तेजस्वीला सांग, बाळाचे व्यायाम कसे करून घ्यायचे ते मावशी दाखवेल. बुधवारी सकाळी डंकावर मी सगळ्या जणींना हे जसंच्या तसं सांगितलं. झुंबरबाई म्हणाली, 'मोना येऊ ने? मग तर आम्ही समद्याच येणार. पाळणा म्हणायला गळं लागत्यात.' दुपारी मी वडापची जीप चालवणाऱ्या विश्वजितकडं गेले आणि रविवारसाठी नेसरीची गाडी ठरवली. आम्ही चौदा जणी आहोत. पुढची सीट मोनाची.

तुझीच,
अक्का