मामांच्या सिनेमाचं मध्यंतर

ती. मामी,

नमस्कार. वाकूनच करायचा होता, पण गेले पंधरा दिवस कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? टाके काढले का? जिना चढायला डॉक्टर काय म्हणतात? (घाई मुळीच करू नका. दुखत असेल तर दुखतं म्हणा, अंगावर काढू नका.) इकडे सगळे ठीक. बायको ठीक, मुलगी ठीक. माझी खालची दाढ ठीक नाही, पण मामा मंगळवारी घरी राहायला आल्यापासून मी तिच्याबद्दल तोंड उघडत नाही. चाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवलेला माणूस जेवताना समोर बसला, की त्याचं लक्ष आपल्या बोलण्याकडे नसतं, बोलताना आत काय दिसतं त्याकडे असतं. मी या आठवड्यात पातळ पदार्थांवर आहे.

आता मामांनी काढलेल्या सिनेमाविषयी. मामा तुम्हाला फोनवर ‘चाललाय’ एवढंच सांगतात हे मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच टेबलावरून फोन करतात. नेमकं तुमचं ऑपरेशन आणि सिनेमाचा पहिला शो एकाच शुक्रवारी आले, त्यामुळे तुम्हाला ना सिनेमा बघता आला ना त्याची तऱ्हा. घरात कोणाला तरी खरी हकीगत माहीत असावी म्हणून लिहितो. बाकी या पत्रात मागणं काही नाही.

बावीस वर्षं मी या थिएटरचा मॅनेजर आहे. सिनेमा का चालतो आणि का पडतो, हे लोक मला दाताच्या दवाखान्यातसुद्धा विचारतात. (मामांनीच विचारलं होतं, माझ्या तोंडात कापूस असताना.) लोकांना वाटतं कथा, गाणी, नटनट्या. माझं म्हणणं असं, की निकाल आमच्या बाहेरच्या अकरा पायऱ्यांवर लागतो. पहिल्या शोची माणसं पायऱ्या उतरताना सिनेमाबद्दल बोलत असतील, मग शिव्या का घालेनात, तर तो तीन आठवडे हलत नाही. स्कूटर कुठे लावली होती याबद्दल बोलत असतील, तर सोमवारी पोस्टर उतरवायची शिडी काढून ठेवावी. या पायऱ्यांनी मोठमोठ्या हिरोंना झोपवलेलं मी पाहिलं आहे.

मामांच्या पहिल्या शोला आपले एकूण एकसष्ट नातेवाईक होते. ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड बाहेर काढला (तो चार वर्षं फिनाइलच्या बाटल्यांखाली होता, वास अजून गेलेला नाही). मामा दारात उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते. शो सुटला आणि सगळे पायऱ्या उतरले. मी खालच्या पायरीशी कान देऊन उभा. धाकट्या आत्या किती सुटल्या आहेत, यावर सगळ्यांचं एकमत झालेलं ऐकलं. सिनेमाबद्दल अवाक्षर नाही. मामा त्याच संध्याकाळी खुशीत तुमच्याकडे दवाखान्यात आले. शनिवारी दुपारच्या शोला नऊ माणसं होती, त्यातली तीन एसीसाठी.

तुम्ही सिनेमा पाहिला नाही, म्हणून गोष्ट सांगतो. एक बस ड्रायव्हर. एकतीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवून आज निवृत्त होणार. तास-वीस मिनिटं बस चालते, माणसं चढतात, उतरतात. मग एका ओसाड रस्त्यावर तो बस थांबवतो, इंजिन बंद करतो, किल्ली कंडक्टरच्या हातात देतो आणि काही न बोलता खाली उतरून चालू लागतो. पुढची चाळीस मिनिटं प्रवासी आत बसून आपापसात बोलतात. शेवटी कळतं, की त्याला आपली बस माणसांनी भरलेली, जाताना, बाहेरून एकदा बघायची होती. एकतीस वर्षं तो आतच होता, ती धावताना कशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. मग कंडक्टर बस त्याच्या समोरून नेतो आणि तो रस्त्याच्या कडेला उभा राहून बघतो. बस, एवढंच. (शब्दाची कोटी समजू नका.) खरं सांगू का मामी, मला हे आवडलं. पण ते कळेपर्यंत कोण थांबतंय? त्यात मामांची अट, की मध्यंतर घ्यायचं नाही. मी पाया पडलो. ते म्हणाले, “दाढ काढताना मी कधी मधेच चहाला गेलो होतो का?”

थिएटर तिकिटावर चालतं असा लोकांचा समज आहे. आमचं थिएटर कँटीनवर चालतं. मध्यंतर नाही म्हणजे चहा नाही, पॉपकॉर्न नाही. रविवारी कँटीनवाला मऊ पडलेल्या पॉपकॉर्नचं पोतं माझ्या टेबलावर ओतून गेला. मी ते वेचत बसलो असताना तो वर प्रोजेक्शनच्या खोलीत गेला आणि ऑपरेटरशी काय ते बोलला. हल्ली रीळ वगैरे नसतं, एक बटण दाबलं की पडदा थांबतो आणि दुसरं दाबलं की दिवे लागतात. रविवारी संध्याकाळच्या शोला ड्रायव्हर किल्ली देऊन बसमधून उतरला, त्याची पाठ अंधुक होत गेली, आणि दिवे लागले. ऑपरेटरने ती जागा कलेच्या दृष्टीने निवडली नव्हती. त्याला त्याच वेळी विडी ओढायची असते.

एकवीस माणसं बाहेर आली. मी सवयीने कान दिला. एक जण म्हणाला, ब्रेक गेला असणार. दुसऱ्याचं म्हणणं, बायकोशी भांडून आलाय. तिकीटवाल्या बाई सहसा ‘बाल्कनी की खाली’ याच्या पुढे बोलत नाहीत, त्या खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या की तो जीव द्यायला चाललाय, एवढंही कळत नाही का तुम्हाला? कोपऱ्यातल्या आजोबांनी शांतपणे सांगितलं, की त्याला लागली आहे. एकतीस वर्षं बसमध्ये बसणाऱ्याचं दुसरं काय होणार? चहा दुसऱ्यांदा मागवला गेला. घंटा वाजली तरी माणसं आत जाईनात, आणि गेली ती अंधारातसुद्धा हळू आवाजात भांडत गेली. शो सुटल्यावर पायऱ्यांवर तेच चाललं होतं. निकाल लागूनही कोणाला तो मान्य नव्हता.

सोमवारी समोरच्या सलूनमध्ये हा विषय पोचला. (तोंडाला साबण लावलेला माणूस मत देऊ शकत नाही, त्यामुळे सलूनमधल्या मताला वजन येतं.) मंगळवारी सत्तर माणसं, बुधवारी एकशे दहा. दुसऱ्या शनिवारी बस डेपोतली अख्खी पाळी खाकी कपड्यांत आली आणि मध्यंतरात त्यांनी इंजिन तापण्याविषयी असं काही व्याख्यान दिलं, की कँटीनवाल्याने त्यांना दुसरा चहा फुकट दिला. मामी, कँटीनवाल्याने काही फुकट दिल्याची बावीस वर्षांतली ही पहिली नोंद.

आमच्या मालकांविषयी तुम्हाला कल्पना आहेच. त्यांना थिएटर मोडून फरशांचं शोरूम काढायचं आहे. गेल्या महिन्यापासून ते खिशात मोजायची टेप घालून येतात आणि माझ्याशी बोलताबोलता लॉबीची भिंत मोजतात. त्या शनिवारी गर्दीमुळे त्यांना टेप उलगडता आली नाही. जाताना म्हणाले, असं महिनाभर चाललं तर बघू. ‘बघू’ हा शब्द मी घरी येऊन बायकोला तीनदा सांगितला. मला आता दुसरीकडे कोण ठेवून घेणार? ऑपरेटर, तिकीटवाल्या बाई आणि मी, तिघांचं वय मिळवलं तर दीडशेच्या पुढे जातं.

आणि मग मामांच्या कोणा जुन्या पेशंटने त्यांना फोन करून अभिनंदन केलं: काय जागी मध्यंतर घेतलंय, डॉक्टर!

या मंगळवारी दुपारी मामा बॅग घेऊन थेट थिएटरवर. पुढचं थोडक्यात लिहितो, कारण आठवलं की कंबर जास्त दुखते. त्यांनी मला विचारलं, की मी त्यांचा भाचा आहे की कँटीनवाल्याचा. मग एकाहत्तराव्या वर्षी तो लोखंडी जिना चढून ते वर गेले, ऑपरेटरच्या स्टुलावर बसले आणि बटणावर हात ठेवला. तेव्हापासून प्रत्येक शोला तिथेच. ऑपरेटर जिन्यात उभा राहून काम करतो. मध्यंतर बंद. बुधवारी पंचावन्न माणसं, काल गुरुवारी अठरा. आज मालक आले, तेव्हा टेप पूर्ण उलगडली आणि एक टोक त्यांनी माझ्याच हातात दिलं. मी ते धरलं, मामी. दुसरं काय करणार होतो?

मामांना मी रोज रात्री जेवताना समजावतो. ते म्हणतात, लोक त्यांच्या ड्रायव्हरची चेष्टा करतात. मी म्हणतो, चेष्टा नाही, काळजी करतात. ते म्हणतात, तोंड नीट उघडून बोल, काही कळत नाही. मी वरणाची वाटी तोंडाला लावतो.

असो. तुम्ही औषधं वेळेवर घ्या, जमिनीवर बसू नका. काही लागलं तर हक्काने कळवा.

तुमचा थकलेला भाचा

ता.क. वर ‘मागणं काही नाही’ असं लिहिलं ते खोडत नाही, पण एक सुचवतो. तुमचा गुडघा अचानक दुखू शकेल का? म्हणजे असा, की मामांना फोन करून ताबडतोब घरी बोलवावं लागेल इतका? महिनाभर पुरे. मामांना तुमच्याबद्दल किती वाटतं हे मी जाणतो. पहिल्या शोला दारात हात मिळवताना ते मधूनमधून घड्याळ बघत होते, आणि मला वाटलं शोची वेळ बघताहेत. ते तुमच्या भुलीची वेळ बघत होते.

ता.क. २ (शनिवार). पत्र पाकिटात घातलं नव्हतं ते बरं झालं. आज संध्याकाळच्या शोला मामांना बाथरूमला जावं लागलं. (एकाहत्तर वर्षं आणि तीन कप चहा. चहा कँटीनवाल्याने पाठवला होता, फुकट.) ते खाली उतरले आणि ऑपरेटरने बटण दाबलं. मामा बाहेर आले ते थेट गर्दीत. कोणी त्यांना ओळखलं नाही. मी पुढे जाणार तोच थांबलो, कारण ते ऐकत होते. एक बाई सांगत होती की ड्रायव्हर तिच्या वडिलांसारखा आहे, तेही असेच न सांगता चालायला जायचे, आणि घरचे घाबरायचे. दुसरी म्हणाली, त्याने निदान डबा तरी बरोबर न्यायला हवा होता. मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या माणसाची अशी चौकशी नातेवाईकांपैकी एकानेही केली नव्हती. तेवढ्यात ते कोपऱ्यातले आजोबा पुन्हा म्हणाले, की लागली असणार. मामांना राहवलं नाही. “लागली नाही हो त्याला!” असं ओरडून त्यांनी खरं कारण सगळ्यांना सांगून टाकलं. मग ती पहिली बाई म्हणाली, “खरंच की. त्याने कधी बघितलीच नसेल.” आणि तिने डोळे पुसले. मामांनीही पुसले. मध्यंतर राहू दे, असं ते मला स्वतः म्हणाले. तेव्हा गुडघ्याचं सोडून द्या. बरा होऊ द्या बिचारा.

ता.क. ३ (सोमवार). मामी, गुडघा दुखू द्या. मामा आता प्रत्येक शोच्या मध्यंतराला कँटीनपाशी उभे असतात. कोणी तर्क करायला तोंड उघडलं की दोन मिनिटांत ते कारण सांगून मोकळे होतात, डोळे पुसतात, समोरच्याचेही पुसायला लावतात. लोक हेलावून जातात, त्यांचा हात हातात घेतात, आणि शेवट कळलाच आहे म्हणून अकरा पायऱ्या उतरून घरी निघून जातात. काल दुसऱ्या भागाला आत चार माणसं होती. मालक टेप घेऊन बाहेर उभे आहेत. मामा त्यांनाही कारण सांगताहेत. फोन आजच करा.