दुसऱ्या हाताची तपासणी

मास्तर, येत्या शनिवारी मला सभेत बोलायचं आहे आणि काय बोलायचं ते तुम्हाला आधी सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण चार दिवस झाले, रात्री उठून बसतो. घरची म्हणते, एवढी भाषणं केलीत, आता म्हातारपणी कसली भीती. तिला मी काही सांगितलेलं नाही.

आपली शनिवारची मंडळी अजून आहे. छिद्रांची कार्डं जवळजवळ गेली, संगणकाचे पडदे आले. पोरं पडद्याकडे बघत आकडे भरतात. त्यांना जुन्या कामाची गोष्ट ऐकायची आहे. त्यांनी चिठ्ठीत लिहिलंय, मास्तरांबद्दल बोला, आणि ती एक कार्डांची पेटी तपासायची राहिली, तेही सांगा. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच ती दर वर्षी नवीन आलेल्यांना सांगत आलो. बघा, एवढे मोठे मास्तर, तेही एकदा विसरले. लोक हसतात, वाईट नाही, मायेनं हसतात.

मी सहावीपर्यंत शिकलेला, लॉंग माउंटनच्या उसातून पोर्ट लुईच्या कचेरीत पेट्या उचलायला आलेला. तुम्ही मला यंत्रावर बसवलंत. पहिल्याच आठवड्यात मी कार्डांना छिद्रं पाडली आणि उत्साहात पलीकडच्या तपासणीच्या यंत्रावर तीच कार्डं पुन्हा बडवली. आकडा जुळला नाही तर ते यंत्र अडतं; ते एकदाही अडलं नाही, प्रत्येक कार्डाच्या कडेला बरोबर असल्याची खाच पडली. मी खूश. तुम्ही आलात, गठ्ठा उचललात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "गड्या, ज्या डोळ्यानं चूक वाचलं तोच डोळा दुसऱ्यांदा बरोबर कसा वाचेल? आपलं काम दुसऱ्या हातात द्यायचं. यात लाज नाही." मला मात्र लाज वाटली, तीही खूप दिवस.

मग तुम्ही ही मंडळी जमवलीत. कचेऱ्यांतली, साखर कारखान्यांतली, गोदीवरची यंत्रावरची माणसं शनिवारी दुपारी आपल्या बैठकीच्या खोलीत यायची. मी खुर्च्या मांडायचो, चहा करायचो, गातो पिमां, म्हणजे आपले डाळीचे तिखट वडे, तळून आणायचो. कोणी आपल्या कामातली एखादी अडचण उभं राहून सांगायचं. पगार नाही, बढती नाही, तरी लोक दोन-दोन बस बदलून यायचे.

मोठी सभा ठरली ती तुमच्या आग्रहानं. उत्तरेकडच्या लोकांना आणायला बस ठरवली. प्लेन दे पपायची एक बाई, कारखान्याच्या कचेरीत तपासणीच्या यंत्रावर काम करणारी, बोलणार होती. आपल्या सभेत तोवर कोणी बाई बोलली नव्हती. तिच्यामागून मी बोलणार होतो, आयुष्यात पहिल्यांदा. कोणाला कुठून घ्यायचं याची कार्डं मी केली. तुम्ही म्हणालात, पेटी माझ्या टेबलावर ठेव, मी स्वतः तपासतो. पण भाषणाच्या काळजीनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं की आता मला तपासायची गरज नाही. मीच तपासली आणि यादी छापायला दिली. कार्डावर प्रत्येक गावाला आकडा असे: लॉंग माउंटनचा एक होता, प्लेन दे पपायचा सात. आपल्याकडे इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारतात, म्हणजे तो एकासारखा दिसत नाही. कारखान्यातून आलेल्या कागदावर ती रेघ नव्हती. मी एक वाचला, आणि दुसऱ्यांदाही एकच वाचला.

बस लॉंग माउंटनला थांबून अर्धी रिकामी परत आली. सभागृहात तुम्ही दाराकडे बघता आहात, मी खिशातला कागद घामानं ओला करतो आहे, तिची खुर्ची रिकामी. शेवटी मीच आधी बोललो. टाळ्या पडल्या. संध्याकाळी कळलं की ती आणि आणखी दहा जण उन्हात रस्त्यावर उभे होते. तुम्ही मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलंत, "पेटी कोणी तपासली?" मी म्हणालो, "तुमच्या टेबलावर ठेवली होती, मास्तर." तुम्ही यादीची घडी घालून खिशात ठेवलीत. मग म्हणालात, "असेल. मला आठवत नाही."

पुढच्या शनिवारी तुम्ही सगळ्यांसमोर चूक आपली म्हणालात आणि यापुढे तू सांभाळ म्हणत मंडळीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीत. त्यानंतर एकदा तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात चहा करत होतात. चुलीजवळ भिंतीवर चिठ्ठी होती, विझवली का. दाराशी दुसरी, किल्ली घेतली का. मी चहा प्यालो. पेला विसळून ठेवला आणि घरी आलो. तुमची आठवण तेव्हा माझ्यापेक्षा चांगली होती, मास्तर. ती कमी झाली हे तुम्हाला मी पटवून दिलं.

शनिवारी ती बाई येणार आहे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काल मी बसनं प्लेन दे पपायला गेलो. भाषण लिहून नेलं होतं, सगळं खरं. ओसरीत बसवून तिनं चहा दिला. मी म्हणालो, बाई, हे माझ्या हातचं आहे, तेवढं तपासून द्या. कामावर वाचायची तशी ती ओळीखाली बोट धरून वाचत गेली. मध्ये एकदा बोट थांबलं. मला वाटलं, आता घरातून हाकलेल. तिनं पेन्सिल मागितली.

"तुम्ही तीन तास लिहिलंय. आम्ही चार तास उभे होतो." आकडा खोडून तिनं वर चार लिहिला आणि पुढे वाचू लागली. संपल्यावर म्हणाली, "मास्तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले होते. म्हणाले, बाई, मला आता आठवत नाही, माझ्या भरवशावर राहू नका. मी त्यांना रागानं बोलले. पाणीसुद्धा विचारलं नाही." मग कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "बाकी बरोबर आहे."

तो कागद आता सदऱ्याच्या खिशात आहे. हे पत्र कोणी तपासलेलं नाही, म्हणून ते घरातच राहील. एक गोष्ट मात्र भाषणात लिहिलेली नाही. तिच्या दारात जाताना मला वाटत होतं, वाचून ती म्हणेल, राहू द्या, इतकी वर्षं झाली, हे सभेत वाचू नका. मी त्याचसाठी गेलो होतो. ती तसं म्हणाली नाही.