अडतीस कणसं

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. खळ्यावर कणसांच्या पिशव्या मोजताना

ती. सुकलालमामांस हेमकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहितो. आपल्या वीस गुंठ्यांतली चाचणीची ज्वारी कापून झाली. दाण्यात लोह जास्त उतरावं म्हणून शास्त्रज्ञांनी तिची जनुकं बदलली आहेत. अजून ती खायची परवानगी नाही. प्रत्येक कणसावर पिशवी आणि प्रत्येक पिशवीची वहीत नोंद. पिशव्या ११४० होत्या. तीनदा मोजल्या, ११०२ भरतात.

अडतीस कणसं आईने दिवलीबाईला दिली. कापणी संपली की कापणारणीला पेंढी द्यायची, ही आपली रीत. ती आईच्या हातून मोडवली नाही. परत आणू का विचारलं, तर म्हणे, दिधं ते दिधं, मजुरी काय परत मांगतस?

चाचणी घेणाऱ्या संशोधन केंद्राच्या शीला मॅडमना कळवलं तर चाचणी बंद होईल. नाही कळवलं तर मला जेवण जाणार नाही. आईचं हिमोग्लोबिन पुन्हा सातवर आलं आहे. काय करावं ते लिहा. ओरडा, पण पत्रातून.

आपला भाचा,
हेमकांत


नंदुरबार, १५ ऑक्टोबर

चि. हेमकांतास अनेक आशीर्वाद.

रसायनात दोनदा नापास झालेला भाचा मला लोह शिकवतो, म्हणून तुझी मामी कालपासून हसते आहे. मी एकतीस वर्षं आडतीवर हिशेब लिहिणारा मेहताजी आहे. व्यापारी दाणा दाताखाली फोडतो, रंग बघतो, ओल बघतो. पोटात गेल्यावर तो दाणा काय करतो हे कोणी विचारत नाही आणि त्यासाठी क्विंटलमागे रुपयाही वाढवत नाही. तुझं लोह कोणत्या काट्यावर तोलायचं?

वहीत लिही, पाखरांनी खाल्ली. आणि हा खेळ आटप. शेत माझ्या नावावर आहे. गोकुळ तिथे पपई लावायला वर्षाचा पंधरा हजार खंड द्यायला तयार आहे. तुझ्या केंद्राचे नऊ हजारच येतात. पाडव्याला त्याला होकार देणार.

जसोदाला सांग, गोळ्या चुकवू नकोस. बहीण आहे, काळजी वाटते.

तुझा,
मामा


रविवार, १९ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न.

पाखरं पिशवीची गाठ सोडून खात नाहीत, म्हणून तसं लिहिलं नाही.

दिवलीबाईकडे गेलो. ती भडकली. रोगाचं धान्य म्हणून आमच्या घरात टाकलं होतं का, असं तिने विचारलं. म्हटलं, रोग नाही बाई, परवानगी नाही. मग तिने टोपली माझ्यापुढे उपडी केली आणि स्वतःच मोजायला बसली. सदतीस. एक कणीस कोंबडीने संपवलं होतं.

सदतीस कणसं परत आणली आणि सगळं लिहून शीला मॅडमना दिलं, कोंबडीसकट. त्या आल्या, लेखी ताकीद दिली, कोंबडी पिंजऱ्यात घालून नेली. जाताना म्हणाल्या, चूक स्वतःहून कळवली म्हणून चाचणी पुढच्या वर्षीही इथेच, शेत राहिलं तर.

शेत राहील. आपला काटा आडतीवरचा, माझा घरातला. मागच्या वर्षी आई एक्केचाळीस दिवस खाटेवर होती. तिच्या जागी मजूर लावला, रोज तीनशेने १२,३००. चिंचपाड्याच्या दवाखान्याच्या तीन फेऱ्या, तपासण्या, औषधं, ५,२००. एकूण १७,५००. गोकुळची पपई अडीच हजारांनी मागे पडते. दिवलीबाई खाटेला लागली तर तिच्या जागी राबायला मजूरही नाही. तिथे चूलच थांबते. व्यापारी भाव देत नाही, म्हणून त्या दाण्याला किंमत नाही असं मी मानणार नाही.

ही ज्वारी आईला बरं करील असं मी म्हणत नाही. ते सिद्ध व्हायचं आहे, आणि होईपर्यंत तिला एक दाणाही देणार नाही. पण सिद्ध करायला शेत लागतं.

गोकुळला होकार देऊ नये. पंधरा हजार मीच देतो. मोटारसायकल विकली, बारा हजार आले. शेतावर सायकलने जाईन. पैसे दिलवरसिंग कंडक्टरच्या हाती पाठवतो; मोजून घ्यावेत. राग हवा तेवढा धरा, माया मात्र आहे तेवढी राहू द्या.

आपला,
हेमकांत

खर्च:
दिवलीबाईस पेंढीबद्दल रोख ३००
तिच्या कोंबडीचे ५००
मामांस खंडापैकी ११,०००
एकूण ११,८००

देणे:
मामांस ४,०००, केंद्राचे पैसे आल्यावर
दिवलीबाईस याच ज्वारीची अडतीस कणसं, खायची परवानगी येईल त्या वर्षी