आज आमचो दिस, फाल्या तेंचो

बाबा,

परवा दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये मी मोबाईलवर किर्गिझस्तानच्या फुटबॉल मॅचचा निकाल बघत होते, तर कंपाउंडरने मान वाकडी करून विचारलं, हा कुठला देश, आणि तिथे आपलं कोण असतं. मी म्हटलं, कोणी नाही. ते उत्तर दिवसभर मला टोचत राहिलं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. त्या देशाच्या लीगमध्ये तळाला कोण आहे हे दर रविवारी विचारणारा माणूस आपल्या अख्ख्या किनाऱ्यावर एकच झाला, आणि तो तुम्ही. पहिला कोण, हे तुम्ही क्वचितच विचारायचात.

मी बिश्केकला डॉक्टरकी शिकायला गेले तेव्हा वाडीत सगळ्यांना वाटलं की मी रशियाला गेले. आईने ते कधी खोडून काढलं नाही, कारण रशिया म्हटलं की लोक पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत. तुम्हाला मात्र पहिल्याच फोनवर एक गोष्ट हवी होती, समुद्र किती लांब. मी सांगितलं, समुद्रच नाही, चहूकडे जमीन आणि डोंगर. ते तुम्ही माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलंत. मग म्हणालात, "मगे ती माणसां सकाळी उठान बघतत काय?" मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर मी रोज सकाळी उठून डोंगरांवरचा बर्फ बघायची तेव्हा ते आठवायचं.

पहिला हिवाळा वाईट गेला. रशियन धड कळत नव्हतं, शरीररचनेत नापास झाले, खोलीतल्या दोघी जणी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मार्चमधल्या एका रविवारी फोनवर माझा बांध फुटला. मला घरी यायचंय, मला हे जमणार नाही, असं मी सांगून टाकलं. मागून आई म्हणत होती, येऊ दे तिला. तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. हॉस्टेलच्या खिडकीतून काय दिसतं, असं विचारलंत. मी नाक पुसत म्हटलं, स्टेडियमच्या दिव्यांचे खांब. तरुणपणी तुम्ही गोव्यात ट्रॉलरवर होतात आणि तिथे रविवारी दुपारी फुटबॉल बघायची तुम्हाला चटक लागली होती, हे मला माहीत होतं. ती चटक अशी बारा गावं ओलांडून माझ्या मानगुटीवर बसेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "फुडल्या आयतवारी मॅच बघून ये आणि माका सांग. मगे काय ता ठरवया."

म्हणून मी गेले. स्टेडियम केवढं तरी मोठं आणि माणसं मोजकी, आपल्या दशावताराच्या खेळाला पहाटे उरतात तेवढी. बाकं थंडगार, रंगाचे पोपडे उडालेले, पलीकडे पांढरे डोंगर. म्हातारे लोक उंच पांढऱ्या टोप्या घालून बसलेले, सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडून सालं पायाशी टाकत होते. मला दोन्ही संघांची नावंही धड म्हणता येत नव्हती. एक संघ बिअरच्या कारखान्याचा आहे आणि दुसरा मोठ्या बाजारातल्या व्यापाऱ्यांचा, एवढं बिया विकणाऱ्या बाईने मला हातवारे करून समजावलं. रविवारी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही खुलून विचारत सुटलात. गोलकीपर उंच आहे का. चिखल असतो का. हरलेले लोक मॅच संपल्यावर कुठून बाहेर पडतात. माझ्याकडे यातल्या अर्ध्याची उत्तरं नव्हती, म्हणून मला पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागलं. घरी यायचं की नाही, हे ठरवायचं राहून गेलं, आणि असं राहत राहत ते वर्ष सरलं.

मग ती तुमची गंमत. बाजारवाल्यांचा संघ पुन्हा लीग जिंकला, असं मी सांगितलं, तर तुम्ही फोनवर चक्क चिडलात. गेल्या वर्षी तेच जिंकले होते ना, मग यंदा पुन्हा कसे, असं तुमचं म्हणणं. आपल्या वाडीत दोन रापणी, किनाऱ्यावरून एकत्र जाळं ओढणारे दोन गट. ओढ्याच्या तोंडाशी मासळी जास्त, म्हणून ती जागा एक दिवस आपल्या रापणीची आणि दुसऱ्या दिवशी त्यांची. जाळं टाकायचं ते ही वाटणी पाळून. लीगचंही तसंच असणार, हे तुम्ही गृहीत धरलं होतं. "आज आमचो दिस, फाल्या तेंचो. नायतर दुबळ्यान खेळूचा कशाक?" मी गुणांची पद्धत समजावली, तुम्ही ती शांतपणे ऐकून घेतलीत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मी मैत्रिणींना हा किस्सा रंगवून सांगायची आणि त्या हसायच्या. ती बिया विकणारी बाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, आमच्याकडेही डोंगरावरची कुरणं म्हातारी माणसं अशीच वाटून द्यायची, तुझ्या बापाला माझा सलाम सांग. तुम्हाला तो सलाम सांगितल्यावर तुम्ही मुद्दाम आईला हाक मारून ऐकवलात, ते मला फोनवर ऐकू आलं होतं.

त्यांच्या देशाचा संघ तर कोणाकडूनही हरायचा. दर वेळी मी निकाल सांगायची आणि तुम्ही म्हणायचात, असू दे, आज नाय तर फाल्या तेंचो दिस येतलो.

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीला घरी आले होते. शरीररचना सुटली होती, पण आता दुसऱ्या विषयात अडकले होते, दुष्काळात तेरावा महिना. माझं मन तिथून उठलं होतं, आणि हे घरात सगळ्यांना दिसत होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर, पडवीत जाळी पसरलेली, आणि टीव्हीवर दिल्लीची मॅच, भारत आणि किर्गिझस्तान. तुमच्या रापणीतले सगळे जण सुया हातात घेऊन बसले होते. माझी मात्र पंचाईत झाली. ज्यांना मी बाकावर बसून थंडीने कुडकुडत बघितलं होतं ते आपल्या पडवीत टीव्हीवर धावत होते. मी न राहवून बोलले, हा बिअरच्या कारखान्याकडून खेळतो, हा डाव्या पायाने मारतो. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले आणि तुम्ही खाली मान घालून हसत होतात. आपण जिंकलो. पडवीत आरडाओरडा झाला, कोणीतरी शिट्टी मारली. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं. तुम्ही जाळ्याची गाठ मारता मारता माझ्याकडे न बघता म्हणालात, "हरले म्हणान मैदान सोडून गेले नाय हां. शेवटपर्यंत धावत होते." मग इतरांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तेंचो दिस येतलो." ते सगळे हसले. मी हसले नाही.

मी परत गेले. पेपर सुटला. पुढचेही सुटले.

तुम्ही गेलात तेव्हा मी पाचव्या वर्षाला होते. आंगणेवाडीची जत्रा जवळ आली होती आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. तेराव्यानंतर मी किनाऱ्यावर गेले तर रापणीतले काका दोर गुंडाळत होते. सहज विचारलं, आज जागेचा दिवस कोणाचा. त्यांनी दोर खाली ठेवला. "खंयची वाटणी गो? ती कधीच मोडली. तू तेव्हा शाळेत होतंस. आता जो पयलो पोचता, तेची जागा. तुझो बापूसच तेवढो ती धरून होतो." त्यांनी मग सांगितलं की दुसऱ्यांचा दिवस असला की ओढ्याच्या तोंडाशी तुम्ही दोराला हात लावायचा नाहीत, वाळूत बसून जाळी शिवायचात. आपलीच माणसं तुम्हाला वेड्यात काढायची, आणि त्या दिवशीचा वाटा तुम्ही घ्यायचा नाहीत. लहानपणी मी तुम्हाला तसं बसलेलं कितीदा बघितलं होतं. मला वाटायचं, बाबा दमले असतील.

तेव्हापासून मला एकच कुतूहल आहे. लीग कशी चालते हे तुम्हाला खरंच कळत नव्हतं, की कळूनही पटत नव्हतं? तेंचो दिस येतलो, हे तुम्ही फोनवर सांगत होतात ते त्या संघासाठी होतं, की माझ्यासाठी, की वाळूत एकट्याने बसणाऱ्या स्वतःसाठी? मी डॉक्टर, माणसाच्या आतलं सगळं उघडून बघितलेली, आणि माझ्या बापाच्या मनातली एवढी गोष्ट मला सांगता येत नाही. तुम्ही असतात तर आज विचारलं असतं, आणि तुम्ही गोलकीपरच्या उंचीवर विषय नेला असतात.

बऱ्याच वर्षांनी ते लोक पहिल्यांदा आशियाच्या मोठ्या स्पर्धेत पोचले. मी दवाखाना लवकर बंद करून पडवीत एकटीने मॅच बघितली. तीही ते हरले. पण पोचले होते, बाबा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या ऑगस्टमध्ये आईने माझ्या बॅगेतून बर्फातला जाड कोट काढला आणि विचारलं, ह्यो कशाक हाडलंस एवढ्या गर्मीत. मी म्हटलं, धुवायला. तिने तो धुतला, तो दमट हवेत वाळता वाळेना. मॅचच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तो दांडीवरून काढलात, जाळ्यासारखी घडी घातलीत आणि माझ्या रिकाम्या बॅगेच्या तळाशी ठेवलात. तो कोट मी धुवायला आणला नव्हता. मी सगळंच सामान आणलं होतं.