सेलूच्या आजारी

जिंतूर,
१२ मार्च १९९१

प्रिय भुजंगा,

तुझी नवी कॅसेट ऐकली. स्टँडजवळच्या कॅसेटवाल्या माणिकरावांनी ‘भावाची सातवी कॅसेट’ म्हणून कौतुकानं हातात ठेवली. पंचवीस वर्षं गिटार वाजवतोयस, कल्ले पांढरे झाले, पण आवाज तसाच खणखणीत. वरच्या फोटोतलं हसू मात्र मला पटलं नाही. लहानपणी काही लपवलंस की अस्संच हसायचास.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लागलं आणि मी पोळी लाटायची थांबले. ड्रमच्या दणक्यात मायची जात्यावरची ओवी! कागदावर ‘शब्द’ म्हणून तुझं नाव. असू दे, मायची ओवी लेकानं गायली तर कुणाचं काय गेलं? पण तू ‘सेलूच्या आजारी’ म्हणतोस. पेपरवाल्यानं तर त्यावर रकाना भरलाय, बाजाराला आजार म्हणणारा कवी म्हणून. मला आधी हसू आलं, मग गाणं पुन्हा मागं नेऊन ऐकलं.

माय जन्मभर ‘सेलूच्या बाजारी’ म्हणायची. तिच्यावरून वारं गेलं, ओठ वाकडा झाला, तेव्हा ब आणि भ तोंडातून गळून पडले. ‘आजारी’ ती फक्त शेवटच्या आठ दिवसांत म्हणाली, तेही खाटेवर पडून, मला एकटीला. तू तर तेव्हा पुण्यात होतास ना? तार मिळाली नाही म्हणालास, तिसऱ्यालाही आला नाहीस. मग तुला कुणी सांगितलं? शेजारच्या बायनाबाईंना विचारलं, तर त्यांना धड ऐकूच येत नाही. ‘मी कशाला सांगू बाई, मला काय ठावं हाय,’ म्हणून त्याच रुसल्या. चार दिवस मी सगळ्यांकडं संशयानं बघायले होते, नवऱ्याकडंसुद्धा.

मग माझंच पत्र आठवलं. आबा गेले तेव्हा तू कार्यक्रम सोडून आला नाहीस, म्हणून रागानं लिहिलं होतं, या दारात पाऊल ठेवू नको. माझं एक अक्षर कधी ऐकलं नाहीस, तेवढंच का ऐकलंस रे? दाराचं लिहिलं होतं मी. मायच्या खाटेजवळच्या, गोठ्याकडच्या खिडकीचं काही लिहिलं नव्हतं.

राग म्हणून हे पत्र लिहीत नाही. काल पीठ मळता मळता एक गोष्ट ध्यानात आली. जायच्या आदल्या दुपारी माय ओवी म्हणता म्हणता थांबली, चांगला हात खिडकीकडं करून सारखी ‘उजंग, उजंग’ करायला लागली. मला वाटलं, उजेड म्हणतेय, डोळ्यांवर ऊन येतंय. मी उठले आणि बाहेर न बघताच फळ्या ओढून कडी घातली. ती रडायला लागली, तर डोळे चुरचुरत असतील म्हणून मी पदरानं पुसले. भुजंगा, ब न् भ तिच्या तोंडी उरलेच नव्हते. खरं लिही, मी कडी घातली तेव्हा तू पलीकडं उभा होतास का?

तुझीच,
अक्का